खुंटा हलला होता

"दहा टन झाले. बाबी, थांबव!"

बाबी मुकादमाने जॅकचा दांडा सोडला आणि कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. मी पाईलला, म्हणजे वाळूत ठोकलेल्या खांबाला, चिकटून ओल्या वाळूत उकिडवा बसलो होतो. नाकासमोर डायल गेज. आमची माणसं त्याला घड्याळच म्हणायची.

"किती?" मागून टिपणीस मॅडमनी विचारलं.

"सहा पॉइंट तीन. काटा चालतोय अजून. सहा पॉइंट चार. थांबला."

त्यांनी वहीत आकडा लिहिला. पेन्सिल कागदावर जोरात टेकल्याचा आवाज मला ऐकू आला.

"आता शेवटचा टप्पा. बारा टन. हळू हं बाबी, घाई नको."

"घाई कसली बाई," बाबी म्हणाला, "पाणी फिराक अजून घटकाभर आसा."

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. साखरतळच्या खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांसाठी जेटी व्हायची होती. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, डिप्लोमावाला, वय सव्वीस, आणि गावचाच. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा होडी सोडून सरकारी नोकरीला लागला म्हणून निम्मा गाव माझं कौतुक करायचा आणि निम्मा टिंगल. इरावती टिपणीस मुंबईच्या इंजिनियरिंग कॉलेजात डॉक्टरेट करत होत्या. त्यांचा विषय असा: वाळूत ठोकलेल्या पाईलला बाजूने ढकललं तर तो किती सरकेल, हे आधीच सांगता येतं का?

वरून भार किती झेपेल ते सगळेच मोजतात. पण जेटीला होड्या आडव्या आदळतात, लाटा आडव्या मारतात. बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, "वाळू म्हणजे एकाखाली एक लावलेल्या स्प्रिंगा समजा, तांडेल. वरच्या मऊ, खालच्या कडक. पाईल जो काय वाकतो तो वरच्या दोन मीटरमध्ये. खालची वाळू त्याला नुसती धरून ठेवते." मी मान डोलावली होती. निम्मं कळलं होतं, निम्मं त्या सांगत होत्या म्हणून पटलं होतं.

तोंडावर मी त्यांना 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचो. मनात ती 'ती' कधी झाली ते मला सांगता येणार नाही. तीन महिने आम्ही रोज बरोबर होतो. बोअरमधून निघालेली वाळू पिशव्यांत भरायची, पिशव्यांवर नंबर टाकायचे, ओहोटीला चिखल टाळून कुठून चालायचं ते मी तिला दाखवायचं, आणि ती हमखास चिखलातच पाय घालणार. मग तिथेच उभी राहून स्वतःवर हसणार. मुंबईची बाई चिखलात अडकून हसते, हे मला नवीन होतं.

तिची एक शिस्त होती. आधी आकडा सांगायचा, मग ढकलायचं. चाचणीनंतर शहाणपण सांगणारे पुष्कळ असतात, असं ती म्हणायची. म्हणून तिने आदल्या दिवशी आपलं भाकीत एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून आमच्या उपअभियंत्यांकडे, सरपोतदार साहेबांकडे दिलं होतं. भाकीत जुळलं तर काम संपलं, ती मुंबईला परत. नाही जुळलं तर नवे बोअर, नवी चाचणी, म्हणजे आणखी निदान दोन महिने साखरतळला मुक्काम. हे तिनेच मला सांगितलं होतं, अगदी सहज, पोहे खाता खाता.

खोटं कशाला बोलू? त्या सकाळी घड्याळापुढे बसलेलो असताना काटा कुठेतरी भलतीकडेच जावा असं मला मनापासून वाटत होतं.

"बारा टन!" बाबी ओरडला.

काटा सरकला. सात, साडेसात. आठ. मग आठच्या जरा पुढे जाऊन तो रेंगाळला आणि थांबला. मी दोनदा बघितलं.

"आठ पॉइंट एक पाच."

सरपोतदार साहेबांनी पाकीट फोडलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मोठ्याने वाचलं, "बारा टनांना आठ पूर्णांक दोन मिलिमीटर."

बाबीच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. इरावती टिपणीस ओल्या वाळूत मटकन खाली बसली आणि रडत रडत हसायला लागली. मग उठून तिने माझा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. माझ्या हाताला ग्रीस होतं, तिच्याही हाताला लागलं, तिने बघितलंही नाही.

"तांडेल, जमलं! परवाच्या गाडीने मी सुटते आता."

"वा," मी म्हटलं. याहून शहाण्यासारखं काही सुचलं नाही.

साहेब आणि ती किनाऱ्याकडे गेली. पाणी फिरायच्या आत सामान काढायचं काम माझ्याकडे होतं. मी आधी घड्याळं सोडवली. ही घड्याळं बसवायला एक लांब लोखंडी पट्टी असते आणि ती पट्टी दोन लाकडी खुंट्यांवर टेकलेली असते. पाईल हलतो, पट्टी हलत नाही, म्हणून पाईल किती सरकला ते कळतं. खुंटे पाईलपासून अडीच मीटर तरी लांब हवेत, असा तिचा दंडक. दोन दिवस आधी तिने स्वतः फीत धरून मोजलं होतं.

पण त्या पहाटे मी आणि बाबी सगळ्यांच्या आधी आलो, तेव्हा भरतीने एका खुंट्याचं बूड उघडं पाडलं होतं.

"मधू, हो खुंटो हलता हा रे," बाबी म्हणाला होता. मग टाच आपटत आपटत तो पाईलच्या अगदी जवळ आला. "हंयसर वाळू घट आसा. हंयच मार."

मीही टाच आपटून बघितली. खरंच घट्ट होती. पाईल ठोकताना हातोड्याच्या दणक्यांनी त्याच्या भोवतीची वाळू दाबून बसली होती. आम्ही समुद्रावरची माणसं. जाळ्याचा खुंटा असो की होडीचा, जिथे वाळू घट्ट तिथे तो मारायचा, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. मी खुंटा तिथे मारला. पाईलपासून जेमतेम दीड हातावर. अडीच मीटर माझ्या डोक्यात आलेच नाहीत. खुंटा पक्का बसला याचंच समाधान वाटलं.

आता तोच खुंटा काढायला मी वाकलो आणि वाळूत एक बारीक चीर दिसली. पाईलच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, वाळू किंचित फुगली होती. त्या फुगवट्याच्या कडेने कमानीसारखी चीर गेली होती. माझा खुंटा त्या कमानीच्या आत उभा होता.

पाईलने वाळू ढकलली होती, वाळूने खुंटा. म्हणजे घड्याळ ज्याला टेकलं होतं तेच पाईलबरोबर सरकत होतं. पाईल आठ मिलिमीटरहून जास्त सरकला होता.

किती जास्त? जॅक दोन पाईलच्या मध्ये लावलेला असतो, तो दोघांना एकदम बाहेर ढकलतो. जॅकच्या दट्ट्यावर सुरुवातीला खडूने खूण करायची मला सवय होती. मी मोजपट्टी लावून बघितली. दट्ट्या सव्वीस मिलिमीटर बाहेर आला होता. दोन्ही पाईल सारखे, तेव्हा एकाच्या वाट्याला तेरा. जॅक आणि पाईलमधल्या पत्र्यांचा ढिलेपणा सोडला तरी बाराच्या खाली काही येत नव्हतं. आणि जेटीच्या नकाशात दहाच्या वर परवानगी नव्हती.

म्हणजे तिचं भाकीत साफ चुकलं होतं. आणि त्याच क्षणी, मी लपवत नाही, आतून आनंदही झाला. ती जाणार नव्हती.

"तोंड असां कित्याक करून बसलंस?" बाबीने विचारलं.

"काय नाय. जॅक सोडव."

त्याने झडप उघडली. दट्ट्या आत गेला. पाणी आलं होतं, पहिली लाट येऊन चिरेवरून पसरली आणि मागे गेली, तेव्हा तिथे सपाट वाळू होती. मी तिला हाक मारून बोलवायला हवं होतं. किनारा हाकेच्या अंतरावर होता. पण तो आनंद झाला होता ना, त्याची मला इतकी लाज वाटत होती की तोंडातून आवाज फुटला नाही.

अकरा वाजता ती शेवंतीकाकूंच्या खानावळीत वही पुढ्यात घेऊन बसली होती. नवरात्र होतं. काकूंनी तिच्यापुढे वरीचे तांदूळ ठेवले होते आणि ते गार झाले होते. ती आलेख काढत होती. भाकिताची रेघ निळी, चाचणीची लाल. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या.

"बसा तांडेल. बघा, किती सुरेख!"

मी उभाच राहिलो. "मॅडम, डावीकडचा खुंटा पाईलच्या जवळ होता."

"कुठला खुंटा?"

मी सगळं सांगितलं. भरतीने उघडा पाडलेला खुंटा, घट्ट वाळू, चीर, दट्ट्यावरची खूण. तिने पेन्सिल खाली ठेवली. मग उठून चपला घालायला लागली.

"चला, दाखवा मला."

"पाणी भरलंय. चीर गेली."

"आणि दट्ट्या?"

"बाबीने आत घेतला."

"मला तेव्हाच का नाही बोलावलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देता येईना. ती माझ्याकडे बघत राहिली. तीन महिन्यांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती हुशार होती, आणि मी काही फार मोठा नट नव्हतो.

"तांडेल, एक विचारू? आकडा चुकला तर मला इथे राहावं लागेल. हे तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे."

"मी राहावं असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तर हे सांगत नाही ना?"

काकू चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबला. मी खाली बघून बोललो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण आमच्या घरात हट्ट वारशाने येतो.

"तुम्ही राहावं असं मला वाटतं," मी म्हटलं. "फार वाटतं. पण खुंटाही हललाय."

बोललो आणि माझे कान तापले. ती परत खाली बसली. निळी आणि लाल रेघ बघत बसली. मला वाटलं आता ही म्हणेल, पुरावा काय? पुरावा नव्हताच. एका ओव्हरसियरचा शब्द होता, आणि त्या ओव्हरसियरने आताच आपल्या मनातलं सांगून त्या शब्दाची किंमत घालवली होती. ती वही मिटून परवाच्या गाडीने निघाली असती, तर जगात कुणी तिला नावं ठेवली नसती.

तिने खोडरबर घेतलं नाही. पेन्सिलीनेच लाल रेघेवर एक मोठी फुली मारली.

"साहेब कुठे आहेत?" तिने विचारलं.

सरपोतदार साहेब चांगलेच भडकले. "अहो, जुळलेला आकडा कोणी मोडतं का? पाईल दोन-दोन मीटर लांब करायचे म्हणजे वरपर्यंत कागद फिरवायचे. आणि हे सगळं याच्या सांगण्यावरून?"

"हो," ती म्हणाली. "त्यांच्या सांगण्यावरून."

"तुम्ही स्वतः काही पाहिलंत?"

"नाही. त्यांनी पाहिलंय."

साहेबांनी हात वर केले. ढकललेले पाईल पुन्हा वापरता येत नाहीत, त्यांच्या भोवतालची वाळू बिघडलेली असते. हातोड्याचं यंत्र महिन्याने परत येणार, मग नवी जोडी ठोकायची, वाळू बसू द्यायची, आणि कार्तिकातल्या अमावास्येच्या ओहोटीला दुसरी चाचणी. दोन महिने. मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो.

"एक अट आहे," ती साहेबांना म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "दुसऱ्या चाचणीला तांडेल नकोत. घड्याळ वाचणाऱ्याला अमुकच आकडा यावा असं वाटता कामा नये."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. चौथ्या दिवशी माझ्या हातात हुकूम पडला. घाटाच्या पायथ्याला ओढ्यावरच्या साकवाचं काम होतं, तिथे हजर व्हा. साखरतळपासून एसटीने दोन तास.

मी तिला न भेटताच निघालो. ती बोअरवर होती, रस्त्यावरून दिसत होती. डोक्यावर माझीच जुनी गवती टोपी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

साकवाच्या कामावर मी दोन महिने काढले. ती दोन तासांवर होती, आणि माझ्या बोलण्यामुळेच तिथे होती, आणि मी मात्र दगड मोजत बसलो होतो. रोज संध्याकाळी साखरतळची एसटी माझ्या खोलीवरून जायची. दर रविवारी मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून स्टॉपवर जायचो, एसटी यायची, आणि मी चढायचो नाही. तिने मला साहेबांसमोर दूर केलं होतं. बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. घरी आई वाट बघत असेल, तिलाही मी दिवाळीत 'काम आहे' म्हणून कळवलं. रात्री मात्र इरावतीचं हसणं आठवून जीव कासावीस व्हायचा. कधी कधी मी नुसता तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करत बसायचो, आणि तो नीट आठवला नाही की घाबरायचो.

एकदा बाबी बहिणीकडे जाताना वाटेत उतरला. सुके बांगडे आणले होते.

"बाई इचारी होती, तांडेल कधी येतलो म्हणान."

माझा हात थांबला. "मगे? तू काय सांगलंस?"

"सांगलंय, कामात आसा."

"बरां केलंस," मी म्हटलं. विचारायचं म्हणून विचारलं असेल, शिष्टाचार आहे माणसांना, अशी मी माझी समजूत घातली. चिठ्ठी पाठवायला काय झालं होतं? चार ओळी लिहायला डॉक्टरेट लागत नाही. असा मी चिडत राहिलो, आणि चिडलेल्या माणसाला आपण शहाणे आहोत असंच वाटतं.

चाचणी झाली तो निरोप मला खात्याच्या फोनवर कळला. बारा टनांना बारा पूर्णांक आठ. मी खोटं बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर मी हुकमाची, रजेची कसलीच वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी होती, पहिली एसटी पकडून साखरतळला आलो.

ती स्टँडवरच होती. पायाशी ट्रंक, वाळूच्या नमुन्यांची दोन खोकी, आणि मुंबईची गाडी लागलेली. ड्रायव्हर चहा पीत होता. ती उन्हाने रापली होती, बारीक झाली होती. मला बघून ती आधी हसली आणि मग तिचा चेहरा बदलला.

"आलात," ती म्हणाली.

"आकडा कळला मला."

"शिंपल्यांचा चुरा आहे इथल्या वाळूत. दाबाखाली तो मोडतो. माझ्या सूत्रात वाळू मोडतच नव्हती." ती घाईघाईने बोलत होती. "पुन्हा सगळं मांडलं मी. आता प्रबंध खरा झालाय. तुम्ही सांगितलं नसतंत तर…"

"पुढे काय?"

"नॉर्वेत एक जागा आहे. तीन वर्षं. मागच्या सोमवारी होकार कळवला." ती थांबली. "त्याआधीचे सात सोमवार मी कळवला नव्हता."

मी हिशेब केला. मग न राहवून म्हटलं, "तुम्हीच मला काढलंत, मॅडम. साहेबांसमोर."

"चाचणीवरून काढलं, तांडेल! त्या आकड्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. तुमच्या शब्दावर कुणी बोट ठेवू नये म्हणून." तिचा आवाज चढला, खोक्यांपाशी बसलेला हमाल वळून बघायला लागला. ती खाली बघून हळू म्हणाली, "बदली साहेबांनी केली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाटलं, रविवारी तरी याल. माझं उत्तर तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत."

"तुम्ही चिठ्ठी…"

"तुम्ही बोलला होतात. मग यायचं कोणी?"

सात रविवारचे इस्त्री केलेले सदरे डोळ्यांसमोर आले. ड्रायव्हरने पेला ठेवला आणि गाडीत चढला. मी तिची ट्रंक उचलून वर दिली, मग एक खोकं, मग दुसरं. ती खिडकीपाशी बसली. इंजिन सुरू झालं, खिडक्यांच्या काचा थडथडायला लागल्या. ती काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते मला आजही माहीत नाही.

तिच्या शेजारची जागा रिकामी होती. खिशात पगार होता. मी दारात, पायरीवर एक पाय ठेवून उभा होतो.

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"येतंस काय रे, का रवतंस?"

"नाय," मी म्हटलं आणि पाय खाली घेतला. "पोचवूक इलंय."